कराची ते मुंबई : जे. आर. डी. टाटा

दोन गावांमधले अंतर किती, या प्रश्नाला नकाशा किलोमीटरमध्ये उत्तर देतो. माणूस मात्र बहुधा वेळेत उत्तर देतो. आमच्याकडची म्हातारी माणसे अजूनही बाजाराचे गाव किती मैलांवर आहे हे सांगत नाहीत; दिवस उगवता निघाले तर ऊन तापायच्या आत पोचता येते, असे सांगतात. अंतर जागच्या जागी राहते आणि वेळ बदलत जातो. बैलगाडी आली, आगगाडी आली, मोटार आली, विमान आले; प्रत्येक वाहनाने तेच अंतर नव्या वेळेत मोजले. ही वेळ आपोआप कमी होत नाही. ती कमी करण्यासाठी कोणीतरी आयुष्य खर्ची घालावे लागते. कराची आणि मुंबई या दोन शहरांमधला वेळ ज्यांनी कमी केला आणि त्यातूनच भारतातील विमानवाहतुकीचा पाया घातला, त्या जहांगीर रतनजी दादाभाई टाटा यांचे चरित्र या लेखात थोडक्यात सांगण्याचा माझा प्रयत्न आहे.

टाटा हे नाव मला लहानपणापासून माहीत होते. पण ते मिठाच्या पुडीवरचे आणि मालट्रकच्या तोंडावरचे नाव म्हणून. त्या नावाची खरी माणसे होऊन गेली, त्यांतला एक माणूस स्वतः विमान चालवीत असे, हे मला कॉलेजात आल्यावर समजले. भूगोलाच्या तासाला नकाशाचे प्रमाण शिकवताना सरांनी दोऱ्याने अंतरे मोजायला सांगितली होती. मी कराची ते मुंबई मोजले. सरळ रेषेत ते नऊशे किलोमीटरच्या आत आले. अहमदाबादवरून वळसा घेतला तर हजाराच्या थोडे वर गेले. ही दोनच शहरे का निवडली, असे सरांनी विचारले तेव्हा मी नुकतेच ग्रंथालयातून नेलेल्या चरित्राचे नाव सांगितले. तेव्हा सरांनीच हा लेख लिहायला सुचवले.

जे. आर. डी. यांचा जन्म २९ जुलै १९०४ रोजी पॅरिसमध्ये झाला. वडील रतनजी दादाभाई टाटा हे जमशेटजी टाटांचे आप्त आणि उद्योगातले भागीदार. आई सुझान ब्रिएर ही फ्रेंच. लग्नानंतर तिचे नाव सूनी ठेवण्यात आले. पाच भावंडांत जहांगीर दुसरे. वडिलांच्या व्यापारामुळे हे कुटुंब कधी पॅरिसला, कधी मुंबईला, तर कधी जपानमध्ये योकोहामाला असे. मुलांच्या शाळा सारख्या बदलत. घरातली भाषा फ्रेंच, शाळेची भाषा कधी फ्रेंच तर कधी इंग्रजी. आपण ज्यांना भारताचे सुपुत्र म्हणतो त्यांची मायबोली फ्रेंच होती आणि त्यांना इंग्रजी पुढे मुद्दाम शिकावे लागले, ही गोष्ट वाचून मला नवल वाटले आणि थोडा धीरही आला. इंग्रजी सुधारण्यासाठी त्यांना एकोणीस-वीस वर्षांचे असताना इंग्लंडमधल्या एका शिकवणीच्या शाळेत घालण्यात आले होते. आज माझे वय तेच आहे, आणि इंग्रजीच्या तासाला माझी काय स्थिती होते हे माझ्या वर्गातल्या सर्वांना ठाऊक आहे.

फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर हार्डेलो नावाचे गाव आहे. तेथे टाटा कुटुंबाचे सुट्टीतले घर होते. शेजारीच लुई ब्लेरिओ यांचे घर होते. १९०९ मध्ये विमानातून इंग्लिश खाडी ओलांडणारा पहिला माणूस तो हाच. त्यांची विमाने तिथल्या वाळूच्या किनाऱ्यावर उतरत. लहान जहांगीर ती टक लावून पाहत असे. पंधराव्या वर्षी एका वैमानिकाने त्याला विमानातून थोडा वेळ फिरवून आणले आणि त्याच दिवशी त्याचा निश्चय झाला. पण निश्चय झाला म्हणून वाट सापडतेच असे नाही. त्या मुलाला प्रत्यक्ष विमान चालवायला मिळण्यासाठी आणखी नऊ वर्षे थांबावे लागले.

मधल्या काळात घरावर आघात झाले. १९२३ मध्ये आई क्षयाने गेली. फ्रान्सचा नागरिक म्हणून त्यांना एक वर्ष फ्रेंच घोडदळात काढावे लागले. त्यानंतर केंब्रिजला जाऊन अभियांत्रिकी शिकावी, अशी त्यांची फार इच्छा होती. पण वडिलांनी त्यांना मुंबईला बोलावून घेतले. डिसेंबर १९२५ मध्ये ते टाटांच्या कचेरीत बिनपगारी उमेदवार म्हणून दाखल झाले. पुढच्याच वर्षी वडीलही वारले. बाविसाव्या वर्षी चार भावंडांची जबाबदारी अंगावर आली आणि केंब्रिजचा विषय कायमचा संपला. पदवी मिळाली नाही याची खंत त्यांना जन्मभर वाटत राहिली. ती भरून काढण्यासाठी ते दिवसभर कचेरीत काम करून रात्री पोलाद, हिशेब आणि यंत्रे यांवरची पुस्तके वाचत बसत.

या ठिकाणी मी वाचताना बराच वेळ थांबले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. वडील सातवीनंतर शेतात गेले, आई शाळेत गेलीच नाही. माझ्या समजुतीप्रमाणे शिक्षण सुटते ते गरिबाचे. पैसा असूनही ज्याचे शिक्षण सुटले आणि ज्याला त्याचे दुःख शेवटपर्यंत वाटले, असा माणूस मला या पुस्तकात भेटला. अर्थात दोन्ही सुटण्यांत जमीनअस्मानाचा फरक आहे, हे मी विसरत नाही. त्यांना संचालकपदाची खुर्ची मिळाली, माझ्या वडिलांना नांगर मिळाला. पण हाती आलेल्या कामालाच शाळा मानायचे, ही गोष्ट दोघांनीही केली.

मुंबईत फ्लाइंग क्लब सुरू झाला आणि जे. आर. डी. यांची जुनी इच्छा पुन्हा जागी झाली. १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना वैमानिकाचा परवाना मिळाला. भारतात दिला गेलेला तो पहिलाच परवाना. त्यावर क्रमांक १ असा आकडा होता. आयुष्यभर त्यांना ज्या मोजक्या गोष्टींचा अभिमान वाटला त्यांत हा छोटासा परवाना होता. त्याच वर्षी त्यांनी फ्रेंच नागरिकत्व सोडले. पुढच्या वर्षी थेल्मा विकाजी यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

त्या सुमारास आगाखान यांनी एक बक्षीस जाहीर केले होते. इंग्लंड ते भारत किंवा भारत ते इंग्लंड हा प्रवास ठराविक मुदतीत एकट्याने विमानातून पुरा करणाऱ्या पहिल्या भारतीयाला पाचशे पौंड मिळणार होते. तिघे तरुण त्यात उतरले. मनमोहन सिंग आणि अवघ्या सतरा वर्षांचे अॅस्पी इंजिनियर इंग्लंडकडून निघाले, तर मे १९३० मध्ये जे. आर. डी. कराचीहून. वाटेत इजिप्तमध्ये अबुकीर येथे जे. आर. डी. उतरले, तेव्हा अॅस्पी तेथे अडकून पडलेले दिसले. त्यांच्या विमानाचे स्पार्क प्लग निकामी झाले होते आणि जवळ दुसरे नव्हते. जे. आर. डी. यांच्याजवळ जादा होते. त्यांनी ते काढून दिले आणि दोघे आपापल्या दिशेने उडाले. अॅस्पी थोडक्या फरकाने आधी पोचले आणि बक्षीस त्यांना मिळाले. हेच अॅस्पी पुढे भारतीय हवाई दलात गेले आणि १९६० ते १९६४ या काळात हवाई दलाचे प्रमुख होते. शर्यत हरल्याचा खेद जे. आर. डी. यांनी कधी केला नाही. परीक्षेच्या आदल्या दिवशी स्वतःच्या टिपणांची वही दुसऱ्याला देणे किती जड जाते, हे आपण विद्यार्थी जाणतो. म्हणून ही गोष्ट मला नुसत्या विमानाची वाटत नाही.

आता मूळ प्रवासाकडे येते. त्या काळी लंडनहून निघालेली हवाई टपाल घेऊन इंपीरियल एअरवेजची विमाने कराचीपर्यंत येत. तेथून पुढे टपाल आगगाडीने जाई. कराचीहून मुंबईला येणाऱ्या रेल्वेला कच्छचे रण आणि वाळवंट टाळून सिंध, मारवाड आणि गुजरात असा मोठा वळसा घ्यावा लागे. म्हणजे हजारो किलोमीटर हवेतून धावत आलेले पत्र शेवटच्या टप्प्यात मंदावत असे. नेव्हिल विन्सेंट नावाचे एक वैमानिक, जे पूर्वी ब्रिटिश हवाई दलात होते, त्यांच्या डोक्यात यावर एक योजना आली. कराचीहून अहमदाबाद, मुंबई आणि बेल्लारीमार्गे मद्रासपर्यंत छोट्या विमानाने टपाल न्यायची. ही वाट सुमारे दोन हजार किलोमीटरची. जे. आर. डी. यांना योजना एकदम पटली. टाटा सन्सचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा यांचे मन वळवण्याचे काम जॉन पीटरसन या वडीलधाऱ्या अधिकाऱ्याने केले. भांडवल दोन लाख रुपये. सरकारकडे मदत मागितली, ती मिळाली नाही. अर्ज, नकार, पुन्हा अर्ज यांत तीन वर्षे गेली. शेवटी सरकारी अनुदानाचा हट्ट सोडून, नेलेल्या टपालाच्या वजनावर मोबदला घ्यायचा, या बोलीवर एप्रिल १९३२ मध्ये करार झाला.

१५ ऑक्टोबर १९३२. कराचीच्या ड्रिग रोड विमानतळावरून सकाळी साडेसहाच्या सुमारास एक पस मॉथ विमान उडाले. एक इंजिन, कापडाने मढवलेले अंग, आत वैमानिकासह दोघातिघांपुरती जागा. वैमानिक अठ्ठावीस वर्षांचे जे. आर. डी. सामान म्हणजे सुमारे पंचवीस किलो टपाल. जवळ रेडिओ नाही, जमिनीवरून दिशा सांगणारे कोणी नाही. होकायंत्र, नकाशा, डोळ्यांवर चष्मा आणि आकडेमोडीसाठी खिशात सरकपट्टी. अहमदाबादला विमान उतरले तेव्हा तेथे पेट्रोल पोचवायला बैलगाडी आली होती. बर्मा शेल कंपनीचे चार-चार गॅलनचे डबे त्या गाडीवरून उतरवून विमानात रिकामे करण्यात आले. हे चित्र मला फार आवडते. भारतातील विमानवाहतूक बैलाच्या पाठबळावर सुरू झाली, असे म्हटले तर ते अक्षरशः खरे आहे. दुपारी दोनच्या आत विमान मुंबईला जुहूच्या मैदानावर उतरले. मधला मुक्काम धरून लागलेला वेळ सव्वासात तासांच्या आसपास. जुहूला विन्सेंट दुसरे विमान घेऊन तयारच होते. टपाल त्यांनी पुढे बेल्लारीमार्गे मद्रासला नेले.

येथे थोडा हिशेब करायला हरकत नाही. अंतर हजार किलोमीटरच्या वर आणि विमानाचा वेग ताशी सुमारे एकशे साठ किलोमीटर. भागाकार केला तर साडेसहा तास येतात. मग सव्वासात का लागले? कारण प्रवासाचा वेळ म्हणजे नुसता भागाकार नव्हे. उड्डाणानंतर उंची गाठायला वेळ लागतो, उतरायला लागतो, पेट्रोल भरायला लागतो, समोरून वारा असेल तर तो वेग खातो. आजच्या मोठ्या विमानांनाही हाच नियम लागू आहे. मुंबईहून लंडनला जाताना जितका वेळ लागतो त्यापेक्षा लंडनहून मुंबईला येताना कमी लागतो, कारण उंचावरचे जोराचे वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. अंतर दोन्ही वेळा तेवढेच. आमच्या गावाहून कॉलेजला येणारी एसटी अडतीस किलोमीटरला सव्वा तास घेते, त्याचेही कारण असेच आहे. ती प्रत्येक फाट्यावर थांबते. आणि ती तशी थांबते म्हणूनच माझ्यासारख्या मुली कॉलेजात पोचतात. वेळापत्रकातल्या आकड्यामागे किती गोष्टी दडलेल्या असतात, हे मला या चरित्रामुळे कळले.

एक दिवस उडणे निराळे आणि दर आठवड्याला ठरल्या वेळी उडणे निराळे. जे. आर. डी. यांचे मोठेपण मला दुसऱ्या गोष्टीत वाटते. सुरुवातीला वैमानिक तीनच होते: स्वतः जे. आर. डी., विन्सेंट आणि होमी भरुचा. जुहूचे मैदान समुद्रालगत. पावसाळ्यात ते पाण्याखाली जाई. मग पावसाळ्यापुरता मुक्काम पुण्याला हलवावा लागे. पण टपाल थांबली नाही. १९३३ या पहिल्या पूर्ण वर्षात त्यांच्या विमानांनी एक लाख साठ हजार मैलांचा प्रवास केला, १५५ प्रवासी नेले आणि जवळजवळ अकरा टन टपाल पोचवली. वक्तशीरपणा शंभर टक्के होता आणि सरकारी अहवालाने त्याची तारीफ केली. ज्यांनी मदत नाकारली होती त्यांच्याच अहवालात ही तारीफ आली, हे विशेष.

त्यानंतरची वाटचाल वेगाने झाली. १९३८ मध्ये, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, जे. आर. डी. टाटा सन्सचे अध्यक्ष झाले. त्याच सुमारास विमानखात्याचे नाव टाटा एअरलाइन्स झाले. १९४२ मध्ये महायुद्धाच्या धामधुमीत विन्सेंट विमानप्रवासातच मृत्यू पावले. योजनेचा मूळ धनी गेला, पण योजना मोठी होत राहिली. १९४६ मध्ये तिचे एअर इंडिया या सार्वजनिक कंपनीत रूपांतर झाले. ८ जून १९४८ रोजी मलबार प्रिन्सेस नावाचे विमान पस्तीस प्रवाशांना घेऊन मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला निघाले. प्रवाशांत जे. आर. डी. होते. विमान लंडनला पोचले ते १० जूनला. ते वेळेवर उतरते की नाही, याकडे त्यांचे घड्याळावर लक्ष होते. आज हेच अंतर न थांबता नऊ-दहा तासांत पार होते. स्वातंत्र्य मिळून एक वर्षही झाले नव्हते, तेव्हा आपल्या देशाचे विमान आपल्या देशाचे नाव घेऊन युरोपात उतरले, याचे त्या पिढीला केवढे अप्रूप वाटले असेल, याची कल्पना करावी.

सरकारशी त्यांचे मतभेद झाले, तेही सांगितले पाहिजेत. १९४९ मध्ये रात्रीची टपालसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली चार विमाने मध्यरात्री आपल्या नागपूरला एकत्र येत, टपालाची अदलाबदल करीत आणि पहाटेपर्यंत परत जात. नागपूर देशाच्या मध्यावर असल्याचा हा सुंदर उपयोग होता. पण रात्री विमान उतरवण्यासाठी लागणारी साधने विमानतळांवर पुरेशी नाहीत, म्हणून जे. आर. डी. यांनी या योजनेला विरोध केला होता. वेग त्यांना हवा होता, पण माणसाचा जीव धोक्यात घालून नव्हे. पुढे १९५३ मध्ये सरकारने विमानकंपन्यांचे राष्ट्रीयीकरण केले. ते त्यांना मुळीच पटले नाही आणि ते त्यांनी लपवलेही नाही. राष्ट्रीयीकरण योग्य की अयोग्य, यावर आमच्या अर्थशास्त्राच्या वर्गात अजूनही दोन तट पडतील. मला महत्त्वाची वाटते ती त्यानंतरची गोष्ट. ज्या निर्णयाने आपली कंपनी गेली, त्याच सरकारने बोलावल्यावर त्यांनी एअर इंडिया इंटरनॅशनलचे अध्यक्षपद स्वीकारले आणि पंचवीस वर्षे ते पगार न घेता सांभाळले.

ते सांभाळणे नावापुरते नव्हते. प्रवासात ते टिपणे काढीत. चहाचा रंग, पडद्यांचा कापडपोत, खुर्च्यांची ठेवण, स्वच्छतागृहाची अवस्था, सगळ्यांची नोंद होई आणि परतल्यावर संबंधितांना पत्रे जात. धूळ दिसली तर स्वतः पुसायला त्यांना कमीपणा वाटत नसे. १९६० मध्ये एअर इंडियाने बोइंग ७०७ ही जेट विमाने घेतली आणि मुंबई-लंडन आणखी जवळ आली. त्या काळात जगातल्या उत्तम विमानसेवांत आपल्या सेवेची गणना होत असे.

विमानाबाहेरही त्यांचे कार्य फार मोठे आहे. टाटा समाजविज्ञान संस्था, टाटा स्मारक रुग्णालय, डॉ. होमी भाभा यांची टाटा मूलभूत संशोधन संस्था या मुंबईतील संस्थांच्या उभारणीत टाटांच्या विश्वस्त निधीचा आणि त्यांचा वाटा होता. कुटुंबनियोजनाचा प्रश्न त्यांनी फार आधीपासून मांडला आणि १९९२ मध्ये त्यांना संयुक्त राष्ट्रांचे लोकसंख्या पारितोषिक मिळाले. पण त्या प्रत्येकावर स्वतंत्र लेख होईल, म्हणून मी येथे विमानाच्या वाटेपुरतेच लिहीत आहे.

आता एक शंका मोकळेपणाने मांडते. हा लेख लिहीत असल्याचे कळल्यावर माझ्या एका मैत्रिणीने विचारले की, श्रीमंताच्या मुलाने विमान चालवले यात आपल्यासारख्यांनी शिकण्यासारखे काय? प्रश्न खरा आहे. हार्डेलोच्या किनाऱ्यावर घर नसते तर विमान दिसले नसते, आणि टाटा नाव नसते तर दोन लाख रुपये उभे राहिले नसते. त्यांची सगळी मतेही मला पटत नाहीत. १९७५ च्या आणीबाणीत त्यांनी शिस्तीच्या बाजूने जे मत दिले, ते वाचून मी खट्टू झाले. संप करणाऱ्या माणसाची बाजू कचेरीच्या खिडकीतून दिसते त्याहून वेगळी असते, असे मला वाटते. पण मैत्रिणीच्या प्रश्नाचे माझ्यापुरते उत्तर असे आहे. पैसा अनेकांजवळ होता. त्यांतल्या किती जणांनी तो पत्र वेळेवर पोचावे म्हणून लावला? विमान हौसेखातर उडवणारे राजेरजवाडेही त्या काळी होते. पण तेच विमान दर आठवड्याला, उन्हात आणि पावसात, दुसऱ्याच्या पत्रासाठी उडवणे ही हौस नव्हे, नोकरी आहे. आणि नोकरी चोख कशी करावी, हे शिकायला श्रीमंत असावे लागत नाही. अहमदाबादला पेट्रोलची गाडी वेळेवर आणणारा गाडीवान कोण होता, हे कोणत्याही पुस्तकात नाही. पण त्या दिवशी तो उशिरा आला असता तर इतिहासातला आकडा वेगळा झाला असता. त्याचाही त्या सव्वासात तासांत वाटा आहे, आणि जे. आर. डी. यांनी मांडलेल्या कामात अशा प्रत्येक माणसाच्या वक्तशीरपणाला किंमत होती.

त्यांच्या उतारवयातला एक प्रसंग चटका लावणारा आहे. फेब्रुवारी १९७८ मध्ये तेव्हाच्या सरकारने त्यांना एअर इंडियाच्या अध्यक्षपदावरून दूर केले. शेहेचाळीस वर्षे वाढवलेले काम हातातून गेले. १९८० मध्ये त्यांना संचालक मंडळावर परत घेण्यात आले. मग १५ ऑक्टोबर १९८२ रोजी, पहिल्या उड्डाणाला पन्नास वर्षे झाली त्या दिवशी, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे जे. आर. डी. लेपर्ड मॉथ या जुन्या धाटणीच्या विमानात बसून कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईला आले. १९६२ मध्येही त्यांनी असाच प्रवास केला होता. या वयात हे कशासाठी, असे कोणालाही वाटेल. तरुण मुलामुलींना साहसाची ओढ लागावी, एवढाच त्यांचा हेतू होता.

१९९१ मध्ये त्यांनी टाटा सन्सचे अध्यक्षपद सोडले. १९९२ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले. २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हा येथे त्यांचे निधन झाले. पॅरिसमध्ये जन्मलेला हा माणूस पॅरिसमध्येच, पेर लाशेझ या दफनभूमीत, आईवडिलांजवळ विसावला. २७ जानेवारी २०२२ रोजी एअर इंडिया पुन्हा टाटांकडे आली. ते पाहायला जे. आर. डी. नव्हते.

शेवटी पुन्हा कराची आणि मुंबईकडे वळते. १९३२ मध्ये ही दोन्ही शहरे एकाच मुंबई इलाख्यात होती. सिंध वेगळा प्रांत झाला तो १९३६ मध्ये. कराचीत मराठी माणसे राहत होती आणि नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी शिक्षणाधिकाऱ्याच्या नावाची शाळा तेथे आजही आहे. म्हणजे जे. आर. डी. यांचे पहिले उड्डाण एका प्रांतातल्या दोन शहरांमधले होते. १९४७ नंतर मध्ये सरहद्द आली. तरीही पुढे कित्येक वर्षे या शहरांमध्ये थेट विमाने होती. जेट विमानाला हे अंतर दीड तासाच्या आसपासचे. पुढे ती थेट सेवा बंद पडली आणि एप्रिल २०२५ मध्ये दोन्ही देशांनी एकमेकांच्या विमानांना आपापले आकाशही बंद केले. थेट विमान नसले की कराचीच्या माणसाला मुंबईला येताना आखातातल्या एखाद्या शहरावरून वळसा घ्यावा लागतो. दोन उड्डाणे आणि मधला थांबा धरला तर त्यात सात तास सहज जातात. कापडाच्या पंखांच्या विमानाला अहमदाबादला बैलगाडीवरचे पेट्रोल भरून जेवढा वेळ लागला होता, जवळजवळ तेवढाच.

भूगोलाच्या नकाशावर दोरा ठेवला तर आजही तो नऊशे किलोमीटरच्या आतच येतो. अंतर कमी करण्याचे काम यंत्राने केव्हाच करून ठेवले आहे. उरलेले काम माणसांचे आहे, आणि ते वैमानिकाच्या एकट्याच्या हातात नाही. जे. आर. डी. टाटांनी त्यांच्या वाट्याचे काम केले आणि ते ठरल्या वेळेला केले. आपल्या वाट्याला कोणते येणार आहे, हे आपल्याला अजून कळायचे आहे.

(द्वितीय वर्ष, कला)